सुई मध्येच होती

शोभा कांबळे, राहणार कुंभारी, व्यवसाय व्हॅनचालक. हिच्यावर अन्याय झाला. पहिल्यांदा एप्रिलातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी, सात रस्ता चौकाच्या सिग्नलला. दुसऱ्यांदा त्याच दिवशी दुपारी साडेचारला, आमच्या गॅरेजात. पहिल्या अन्यायात बरेच जण सामील आहेत. दुसरा मी एकट्यानं केला, म्हणून हे लिहितोय.

सिग्नलला काय झालं ते आधी. व्हॅनमध्ये नऊ बायका होत्या, होटगी रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात शिलाईला जाणाऱ्या. या जातीच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. म्हणजे चालक आणि तिच्या शेजारची बाई इंजिनावरच बसलेल्या असतात. सिग्नल लाल होता, पुढं गर्दी होती, गाडी पाच-सात मिनिटं उभी होती. अचानक सीटखालून फाट्दिशी आवाज आला आणि पांढरी वाफ आत शिरली. गरम पाण्याचा होज पाईप फुटला होता. पुढं बसलेल्या रेणुकाच्या उजव्या पोटरीवर उकळतं पाणी आलं.

मागच्या बायकांना काही दिसेना. गाडी सीएनजीवरची, टाकी त्यांच्या पाठीशी. त्यांना वाटलं गॅस फुटला. आठ जणी आणि एक सरकतं दार, तेही अर्ध्यावर अडकलेलं. आतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. शोभाताईंनी इंजिन बंद केलं, बाहेरून पळत येऊन दार ओढलं, एकेकीला खाली घेतलं. रेणुकाला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. हे सगळं केलेल्या बाईवर दुपारपर्यंत निष्काळजीपणाचा ठपका आला होता.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. गाडीच्या वायरी, सेन्सर, दिवे, स्टार्टर हे माझं काम. संध्याकाळी चालकांच्या संघटनेची पत्रकं लिहितो. आमचे मालक दस्तगीरभाई म्हणतात, दिवसा ज्यांच्या गाड्या नीट करतो, संध्याकाळी त्यांच्याच नावानं शंख करतो. चेष्टेत म्हणतात, पण आजूबाजूला गिऱ्हाईक नाही ना, हे बघून म्हणतात.

व्हॅन ओढून आमच्याकडं आणली. तिचे मालक, म्हणजे शेठ, पाठोपाठ आले. त्यांच्या दोन व्हॅन त्या कारखान्याला लावलेल्या आहेत, एक कुंभारीहून येते, एक वळसंगहून. शेठ शांत होते. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती, आमच्या गॅरेजच्या शिक्क्याची चिठ्ठी. कारखान्याला लेखी द्यायचं होतं आणि चौकीतही विचारणा झाली होती. दोष गाडीत की चालकात, एवढं संध्याकाळपर्यंत लिहून द्या म्हणाले. दोष गाडीत निघाला तर जबाब शेठना द्यावा लागणार. चालकात निघाला तर शोभाताईंची नोकरी जाणार, आणि गुन्हा दाखल झाला तर लायसन्सही.

आता तपासणी. गाडीच्या माहितीची गरज नाही, घरचा कुकर आठवा. इंजिनात पाणी फिरत असतं, त्यात औषध मिसळलेलं असतं. त्याला कूलंट म्हणतात. ते इंजिनाची उष्णता घेऊन पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं आणि गार होऊन परत जातं. गाडी पळते तेव्हा वारा जाळीतून जातो. गाडी उभी असते तेव्हा वारा नसतो, म्हणून जाळीमागं इलेक्ट्रिक फॅन असतो. तो कधी फिरायचा हे ठरवायला पाण्यात एक सेन्सर बुडवलेला असतो. सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला तापमान कळवतो. कॉम्प्युटर तेच तापमान समोरच्या काट्याला, म्हणजे सुईला देतो. तापमान साधारण पंच्याण्णवच्या वर गेलं की तोच फॅनला हुकूम देतो. म्हणजे सुई, इंजिन फार तापलं की लागणारा लाल दिवा आणि फॅन, तिघांचा डोळा एकच. तो सेन्सर.

मी फॅनला बॅटरीवरून थेट करंट दिला. फिरला. रिले म्हणजे फॅनचा आपोआप चालणारा स्विच, तो बदलून पाहिला. चांगला. फ्यूज चांगला. सेन्सर काढून गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि मल्टिमीटर लावला, म्हणजे रोध, करंटला होणारा अडथळा, मोजायचं यंत्र. पाणी तापेल तसा सेन्सरचा रोध कमी व्हायला पाहिजे, तसा झाला. सेन्सरही चांगला. नवा होज टाकला, कूलंट भरलं, इंजिन दहा मिनिटं चालवलं. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या मनात काय चाललंय ते वाचणारं यंत्र. त्यावर तापमान चौऱ्याऐंशी. सुई बरोबर मध्ये. फॅन फिरत नव्हता, पण चौऱ्याऐंशीला तो फिरतच नाही, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाहेर तीन गाड्या थांबल्या होत्या. दस्तगीरभाईंनी दोनदा हाक मारली. मी चिठ्ठी लिहिली. फॅन, रिले, सेन्सर सुस्थितीत. दोष आढळला नाही. इथं थांबायला पाहिजे होतं. पण गाडी उकळली तर खरी, मग कारण काय, म्हणून मी पुढं एक ओळ लिहिली. निघण्यापूर्वी कूलंटची पातळी कमी असावी.

पातळी मी बघितली नव्हती. सगळं पाणी सात रस्त्यावर सांडलं होतं. कुणाला दिसणार? पण त्या ‘असावी’मध्ये शोभाताई अडकल्या. सकाळी पाणी बघणं हे चालकाचं काम. शेठनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला थँक्यू म्हणाले. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

बुधवारी सकाळी आठला शोभाताई गॅरेजात आल्या. मी शटर वर करत होतो. हातात गाडीची दुसरी चावी होती, शेठनी तीही गॅरेजात ठेवून जा सांगितलं होतं. डोळे सुजलेले. भांडायला आल्यात असं मला वाटलं. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, चौकीत शेठनी तुमची चिठ्ठी दाखवली.

“दादा, पाणी मी रोज बघते. काल बी बघितलं हुतं. आनि सुई मधीच हुती की. सकाळी चावी फिरवल्यापासनं ती मधीच असते, कधी हालत न्हाई.”

मी म्हणालो, चावी फिरवल्यापासून कशी असेल, गाडी गार असताना सुई खाली असते. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. ही त्यांची पहिली गाडी. आठ महिन्यांपूर्वी हातात आली तेव्हापासून सुई मध्येच. त्यांना वाटलेलं, चावी चालू आहे हे दाखवायलाच ती असते. खाली असते, वर जाते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये कधी सुरू होत नाही, हेही त्यांनी शेठना दोनदा सांगितलं होतं. शेठ म्हणाले होते, बायकांचा हात आहे, हळूहळू जमेल.

त्या आत जाऊन बसल्या आणि इंजिन न लावता नुसती चावी फिरवली. सुई उठली आणि मध्ये जाऊन बसली.

गाडी काल संध्याकाळपासून उभी होती. मी सीट उचलून इंजिनाला हात लावला. गार. स्कॅनर जोडला. चौऱ्याऐंशी.

काल दुपारी हाच आकडा मी दहा मिनिटं बघत होतो आणि तो एकदाही त्र्याऐंशी झाला नव्हता, पंच्याऐंशी झाला नव्हता. चालू इंजिनाचं तापमान असं एका आकड्यावर बसत नाही, ते सारखं खालीवर होतं. हे मला आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तरी मी बघितलं नाही. मी एकेक भाग तपासला आणि प्रत्येक भाग चांगला निघाला. मधली वायर तपासली नाही.

सेन्सरचा प्लग उपटला. सेन्सरच तुटल्यावर आकडा पडायला पाहिजे आणि फॅन घाबरून आपोआप फिरायला पाहिजे, कॉम्प्युटरला तशीच शिकवण असते. आकडा हलला नाही. मग हातानं वायर चाचपत मागं गेलो. सीटच्या खाचेत काळ्या टेपचं एक बोंडूक लागलं. टेप सोडली. सेन्सरकडून येणाऱ्या दोन्ही वायरी कापलेल्या होत्या आणि कॉम्प्युटरकडच्या टोकांमध्ये एक रेझिस्टर जोडला होता. रेझिस्टर म्हणजे ठरावीक रोधाचा मुगाएवढा तुकडा. सेन्सर काहीही म्हणो, हा तुकडा कॉम्प्युटरला जन्मभर चौऱ्याऐंशीच सांगत राहणार. फॅन कधीच फिरणार नाही. लाल दिवा कधीच लागणार नाही. सकाळचं गार इंजिनही कॉम्प्युटरला गरमच वाटणार, म्हणून गाडी एका सेल्फमध्ये सुरू होणार नाही.

आमच्या गल्लीत याला ‘सुई बसवणं’ म्हणतात. मी हे काम कधी केलेलं नाही. करताना बघितलंय, आणि काही बोललो नाही, हेही लिहितो.

शोभाताईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्याआधी ही गाडी मल्लिनाथअण्णांकडं होती. अण्णा आता वळसंगची गाडी चालवतात.

मी त्यांच्याच फोनवरून मल्लिनाथला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. सरळ विचारलं, सुई कुणी बसवली.

“व्हय, मीच बसवून घेतली,” मल्लिनाथ म्हणाला. “लाल दिवा लागायचा, बाया घाबरायच्या. हिला पन हाय की. दोनीला एकाच दिवशी केलं.”

“हिला म्हणजे?”

“आत्ता चालवतोय त्या गाडीला.”

घड्याळात पावणेनऊ झाले होते. मी विचारलं, कुठं आहात. सात रस्त्याच्या अलीकडं, म्हणाला, पुढं डंपर बंद पडलाय, दहा मिनिटं जागेवर हाय. गाडीत किती जणी आहेत विचारलं. आठ, म्हणाला.

मी म्हणालो, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. त्यानं ऐकलं नाही. आधी हसला. रस्त्यात गाडी उभी केली तर शेठ चावी काढून घेतील, म्हणाला. बावीस वर्षं गाडी चालवतोय, सुईची गरज नाही, कूलंटचा गोडसर वास आला की कळतं. मी आवाज चढवला तसा त्याचाही चढला. मागं हॉर्न वाजत होते. एक बाई कुणाशी तरी हसत बोलत होती, तेही ऐकू येत होतं. उकळत्या इंजिनावर बसून ती हसत होती आणि मी पाच मिनिटांच्या अंतरावर नुसता फोन धरून उभा होतो.

शोभाताईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“अण्णा, शोभा बोलतीया. वास मला बी कळतो. पर काल वास यायच्या आदी रेणुका वरडली.”

पलीकडं इंजिन बंद झाल्याचं कळलं, आणि मल्लिनाथचा आवाज, “उतरा गं. पिशव्या ऱ्हाऊ द्या. उतरा.”

आम्ही दोघं माझ्या गाडीवरून गेलो. बायका फुटपाथवर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. कालचं सगळ्यांना माहीत होतं. मल्लिनाथ गाडीच्या पुढं वाकला होता आणि हातात फडकं होतं. रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओतायला निघाला होता. जुन्या गाड्यांवर शिकलेले सगळे चालक हेच करतात. झाकणाखालचं पाणी कुकरसारखं दाबाखाली असतं, शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की त्याच क्षणी सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आधी शोभाताईंनी ते फडकं हिसकावून घेतलं.

लांबून तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र मी सोबत आणलं होतं. सीट उचलून होजवर धरलं. एकशे सतरा. होज फुगून कडक झाला होता, दंडाच्या बेडकीसारखा. समोरची सुई बरोबर मध्ये होती. फॅन निवांत उभा.

मला तिथं हात घालायचा होता. मी चेहरा बाजूला वळवला, चाचपून टेपचं बोंडूक शोधलं. जागा तीच होती, टेपही तीच. शोभाताईंना चावी फिरवायला सांगितलं, इंजिन न लावता. मग पक्कडीनं वायर कापली.

खोटी साक्ष तुटली तसा कॉम्प्युटर आंधळा झाला आणि त्यानं शिकवल्याप्रमाणं फॅन सोडला. जाळीमागून एवढा मोठा घरघराट झाला की आठही बायका दचकून मागं सरल्या. एकीनं डोळे मिटून घेतले. तो आवाज त्या गाडीतून त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकलाच नव्हता.

मल्लिनाथ दुभाजकावर जाऊन बसला. फुटपाथवरच्या हिरव्या साडीतल्या बाईकडं बोट करून म्हणाला, ती माझी बायकू हाय. रोज पुढच्या सीटवर तीच बसते.

पुढचं त्यानं तिथंच बसून सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही गाड्या तापायला लागल्या. लाल दिवा लागला की तो लिंबाच्या सावलीत थांबायचा. बायकांना उशीर व्हायचा, कारखान्यात त्यांना बोलणी बसायची, कारखाना शेठना बोलायचा. शेठनी मल्लिनाथला सांगितलं, तो दिवा मला परत दिसला नाही पाहिजे. मल्लिनाथनं तेवढंच केलं. गाडी का तापते हे कुणी कुणाला विचारलं नाही.

ते कारण आम्हाला दुपारी सापडलं. दोन्ही व्हॅन दिवसभर कारखान्याच्या मागच्या भिंतीला उभ्या असतात, पंख्यांनी आतली हवा बाहेर फेकायची भोकं आहेत तिथं. टॉवेलची रुई उडून रेडिएटरच्या जाळीवर बसत होती. मी बोट घातलं तर गोधडीसारखा थर सोलून निघाला. हवेचा झोत आणि पाण्याचा पाईप, वीस मिनिटांचं काम. मूळ दोष एवढाच होता. तो झाकायला सुई बसवली, त्यामुळं फॅन मेला, आणि रेणुकाचा पाय भाजला.

मी दुसरी चिठ्ठी लिहिली. सेन्सरच्या वायरी कापून रेझिस्टर जोडल्यामुळं फॅन बंद होता. चालकाला धोका कळण्याची कोणतीही सोय गाडीत नव्हती. कालच्या चिठ्ठीतला पातळीबद्दलचा मजकूर न तपासता लिहिला होता, ती माझी चूक आहे. दस्तगीरभाईंनी वाचलं. शेठच्या गाड्यांचं काम गॅरेजच्या हातून जाईल हे त्यांना दिसत होतं. माझी नोकरीही जाईल असं मला वाटत होतं. त्यांनी शिक्का शाईत दोनदा दाबला. “मारता मैं ठप्पा,” म्हणाले. “आगे का तू देख.”

शेठ आले. चिठ्ठी वाचली. म्हणाले, मी कुठं सांगितलं वायर कापा म्हणून?

“दिवा दिसायला नको म्हणालात ना?” शोभाताईंनी विचारलं. “मग मला न्हाई दिसला.”

कारखान्याच्या ऑफिसात आणि चौकीत दुसरी चिठ्ठी शोभाताईंनी स्वतः नेऊन दिली, प्रत्येक ठिकाणी पोच घेतली. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. त्या आजही कुंभारीची गाडी चालवतात. शेठनी त्यांची माफी मागितलेली नाही. मी मागितली, त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी विचारा. रेणुका अजून कामावर नाही, शिलाई मशीनचं पायडल उजव्या पायानं दाबावं लागतं. ज्यानं सुया बसवल्या तो इलेक्ट्रिशियन आजही दुकान उघडून बसतो, त्याच्याकडं गर्दी असते.

धडा काय? सगळे भाग चांगले असले म्हणून गाडी चांगली असते असं नाही. आणि जी माणसं रोज गाडी चालवतात त्यांना न विचारता केलेलं निदान हा नुसता अंदाज असतो, त्यावर शिक्का असला तरी.

आता तुम्ही. तुम्ही स्वतः किंवा तुमची पोरं, बायको, आई रोज कुणाच्या तरी व्हॅनमधून जात असाल. उद्या सकाळी, गाडी गार असताना, बसायच्या आधी चालकाला नुसती चावी फिरवायला सांगा आणि काटा कुठं जातो ते बघा. खाली राहिला तर बसा. मध्ये गेला तर बसू नका, दुसऱ्यांनाही बसू देऊ नका, मालकाला तिथं बोलावून घ्या. आणि तुमच्या चालकानं लाल दिवा बघून रस्त्यात गाडी थांबवली, तुम्हाला उशीर झाला, तर त्याची तक्रार करू नका. उतरा आणि सावलीत त्याच्याशेजारी उभे राहा.